आढीतला नासका आंबा: पेशींचं म्हातारपण आणि स्मृतिभ्रंश

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आत्याच्या घरी, मागच्या अंधाऱ्या खोलीत पेंढ्यावर केशर आंब्यांची आढी लावलेली होती. या कामात आत्याचा हात धरणारं आमच्यात कोणी नाही. ती दारातूनच वास घ्यायची आणि म्हणायची, "एक गेलाय गं आतला, काढ." पेंढ्यात हात घालावा तर खरंच खालच्या थरात काळा डाग पडलेला, मऊ झालेला एक आंबा सापडायचा. त्या वर्षी मी दार उघडलं आणि आंबूस भपकारा नाकात शिरला. आत्या माझ्या खांद्याशीच उभी होती. तिला काही जाणवलंच नाही. अर्धी आढी नासून गेली होती.

आम्ही ते सर्दीवर ढकललं. गणपतीत तिने मोदकांच्या उकडीत दोनदा मीठ घातलं, तेही हसण्यावारी नेलं. दिवाळीच्या तोंडावर, चाळीस वर्षं ज्या देवळात रोज जाते तिथून परत येताना ती वाट चुकली. एबी रोडच्या कडेला एका पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर दोन तास बसून होती. डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, "माँजी की उमर हो गई है, इतना तो चलता है।" आम्हालाही तेच ऐकायचं होतं. त्या एका वाक्यापायी आमचं जवळजवळ वर्ष गेलं.

हे सगळं आज लिहायला बसले ते एका फॉरवर्डमुळे. रामबागेतल्या काकांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं: "शास्त्रज्ञांनी म्हाताऱ्या पेशी नष्ट करणारं औषध शोधलं, आता अल्झायमर कायमचा जाणार." खाली पेशी तरुण ठेवणाऱ्या गोळ्यांची जाहिरात, महिन्याचा खर्च काही हजारांत. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे "खरं का गं हे?" असे सहा फोन मला एका संध्याकाळी आले. फॉरवर्डचं पहिलं वाक्य अगदीच खोटं नाही, म्हणून तर ते धोक्याचं. त्या सहा जणांना फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे सांगते.

साठी झाली की बुद्धी नाठी होते का?

आधी ही म्हण बाजूला ठेवू, कारण तिने आपलं फार नुकसान केलं आहे. स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, हे एका आजाराचं नाव नाही. स्मरण, भाषा, दिशा, हिशेब, निर्णय या क्षमता इतक्या ढासळतात की माणसाला रोजचं आयुष्य एकट्याने पेलवत नाही, त्या अवस्थेला हे नाव आहे. ती अवस्था आणणारे आजार अनेक आहेत. त्यातला सर्वांत मोठा अल्झायमर, जगातल्या साधारण ६० ते ७० टक्के रुग्णांमागे तोच असतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे होणारा प्रकारही आपल्याकडे बराच दिसतो, आणि पुष्कळांच्या मेंदूत दोन्ही एकत्र नांदत असतात.

भारतात साठीच्या पुढच्या लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे देशात अंदाजे ८८ लाख माणसं. बायकांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. हा आकडा प्रचंड आहे. पण तोच उलट्या बाजूने वाचा: साठी ओलांडलेल्या शंभरातल्या ब्याण्णव-त्र्याण्णव जणांची बुद्धी शाबूत आहे. मग म्हण खरी कशी?

आणि ज्या बाईच्या मेंदूवरून या आजाराला अल्झायमरचं नाव मिळालं, ती १९०१ साली जर्मनीतल्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा फक्त ५१ वर्षांची होती. तिच्या मृत्यूनंतर, १९०६ मध्ये, अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूत दिसलेल्या दोन गोष्टी डॉक्टरांसमोर मांडल्या. पेशींच्या बाहेर साचलेले गठ्ठे आणि पेशींच्या आत झालेला धाग्यांचा गुंता. आज आपण गठ्ठ्यांना अमायलॉइड आणि गुंता करणाऱ्या प्रथिनाला टाऊ म्हणतो.

सराफ्यातल्या त्या दुकानाचं नाव ऐनवेळी आठवत नाही आणि घरी पोचल्यावर आठवतं, हे वय. राजवाड्यापासून घरी यायचा रस्ताच अनोळखी वाटायला लागतो, किंवा जन्मभर केलेल्या वरणात आधी डाळ शिजवायची की आधी फोडणी करायची हे सुचेनासं होतं, हे वय नव्हे.

तरीही वयाचा संबंध नाकारून चालणार नाही. ६५ नंतर दर पाच वर्षांनी धोका साधारण दुप्पट होतो. मग म्हातारपण म्हणजे स्मृतिभ्रंश नाही, पण म्हातारपणाशिवाय तो सहसा येतही नाही, हे कोडं कसं सुटायचं? ते सोडवायला म्हातारपण शरीरात नेमकं कुठे राहतं ते बघावं लागतं. ते पेशीत राहतं.

पेशीला वय असतं?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रज्ञांची पक्की समजूत होती की पेशीला स्वतःचं असं म्हातारपण नसतं. शरीराबाहेर काढून नीट खाऊ-पिऊ घातलं तर पेशी अनंत काळ विभागत राहतील असं पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं असे. १९६१ साली फिलाडेल्फियात लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी माणसाच्या पेशी बशीत वाढवून मोजदाद केली. साधारण ४० ते ६० वेळा विभागल्यावर त्या थांबल्या. मेल्या नाहीत, थांबल्या. हा "मेल्या नाहीत" भाग लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

थांबतात कशामुळे? नव्या साडीला आपण पिको करून घेतो. तो नसला तर कापलेल्या टोकाचे धागे सुटायला लागतात आणि हळूहळू साडीच उसवते. प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, म्हणजे डीएनएच्या लांब दोऱ्या, आणि त्यांच्या टोकांनाही असाच पिको केलेला असतो. त्याला टेलोमेअर म्हणतात. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, पण अगदी टोकाचा थोडा भाग दर वेळी नकलेतून सुटतो. पिको झिजत जातो. तो फार आखूड झाला की पेशीला कळतं, आता आणखी विभागलो तर खरं कापड उसवेल. ती कायमची थांबते. टेलोमेअर आणि त्याची डागडुजी करणारं टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) यांवरच्या कामासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना २००९ चं नोबेल मिळालं.

पिको झिजणं हे एकच कारण नाही. डीएनएला इजा झाली, पेशीला ऊर्जा देणारी यंत्रणा बिघडली, सततचा दाह राहिला, तरीही पेशी अशीच थांबते. आणि हे थांबणं शरीराच्या भल्याचंच असतं, कारण खराब डीएनए घेऊन विभागत सुटलेली पेशी म्हणजे कर्करोगाची सुरुवात.

मरत नाही, कामही करत नाही

अशा कायमच्या थांबलेल्या पेशींना इंग्रजीत सेनेसंट म्हणतात. मी त्यांना जरठ पेशी म्हणते, आपल्याकडे हा शब्द आहेच. जरठ पेशी नुसती कोपऱ्यात पडून राहिली असती तर काही बिघडलं नसतं. ती गप्प बसत नाही. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या ज्युडिथ कँपिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या पेशी आजूबाजूला दाह पेटवणारी रसायनं सतत सोडत राहतात. ती रसायनं शेजारच्या धडधाकट पेशींवर पडतात, आणि त्यातल्या काही स्वतःही जरठ होतात.

वर्गात हे शिकवताना मी आढीचं उदाहरण देते आणि मालव्यातल्या पोरांना ते लगेच कळतं. एका नासक्या आंब्याने आढी नासते, ही म्हण मात्र शंभर टक्के खरी. आंबा पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतो. तो शेजारच्या आंब्याला लागला की तोही पिकायला लागतो, त्याचा वायू त्याच्या शेजाऱ्याला. आढी लावण्याचं गमकच ते. पण फार पिकून फुटलेला एक आंबा वेळेवर काढला नाही तर तीच साखळी आढीचा घात करते. जरठ पेशी म्हणजे तो आंबा, आणि तिची रसायनं म्हणजे तो वायू.

मग तरुणपणी आपण का नासत नाही? तेव्हा आढी निवडणारा हात असतो म्हणून. आपली रोगप्रतिकारशक्ती जरठ पेशी हुडकून काढते आणि फस्त करते. वय वाढतं तसा एकीकडे नासक्या आंब्यांचा आकडा वाढतो आणि दुसरीकडे निवडणारा हात मंदावतो, कारण प्रतिकारशक्तीच्या पेशीही म्हाताऱ्या होतातच. आत्याच्या त्या खोलीत नेमकं हेच झालं होतं, हे मला फार उशिरा उमगलं.

पण मेंदूच्या पेशी तर विभागतच नाहीत!

माझ्या एका हुशार विद्यार्थिनीने हा आक्षेप वर्गात घेतला होता, आणि तो अगदी रास्त आहे. आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, आणि त्यातल्या जवळपास सगळ्या जन्मानंतर विभागत नाहीत. विभागणीच नाही तर पिको झिजणार कसा?

उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला, मेंदू म्हणजे फक्त चेतापेशी नव्हेत. त्यांना खाऊ घालणाऱ्या, त्यांच्या तारांवर वेष्टण चढवणाऱ्या आणि त्यांचा केरकचरा काढणाऱ्या आधारपेशी तिथे तितक्याच मोठ्या संख्येने राबत असतात. त्यातल्या बऱ्याच जणी विभागू शकतात आणि म्हणून जरठही होऊ शकतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींचंही तेच. ते अस्तर म्हातारं झालं की रक्तातले नको ते घटक मेंदूत झिरपू लागतात. दुसरा भाग असा की चेतापेशी विभागत नसली तरी तिच्यावर ताण येतोच. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण ऊर्जा तो वीस टक्के खातो. इतक्या धगीत सत्तर-ऐंशी वर्षं काढल्यावर डीएनएला इजा व्हायचीच. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत, विशेषतः टाऊचा गुंता झालेल्या चेतापेशींमध्ये, जरठपणाच्या खुणा संशोधकांना सापडल्या आहेत.

कचऱ्याची गाडी आली नाही तर

इंदूरकरांना कचऱ्याचं शास्त्र समजवायची गरज नाही. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपण देशात पहिले येत आलो ते घरोघरी रोज फिरणाऱ्या गाडीमुळे आणि घरातच ओला-सुका वेगळा करण्यामुळे. देवगुराडियाचा कचऱ्याचा डोंगर ज्यांनी पाहिलाय त्यांना त्याआधीची दशाही आठवत असेल.

प्रत्येक पेशीच्या आतही अशी व्यवस्था असते. मोडकी प्रथिनं, बिघडलेले भाग गोळा करायचे, त्यांचे तुकडे करायचे आणि त्यातलं कामाचं पुन्हा वापरायचं. यीस्टच्या पेशींमध्ये ही यंत्रणा उलगडून दाखवल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. पेशीच्या बाहेरचा कचरा उचलायला मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या आधारपेशी असतात. ही मेंदूची कचरागाडी.

अमायलॉइड हा विषाचा बाहेरून आलेला थेंब नव्हे. ते प्रत्येकाच्या मेंदूत रोज तयार होतं आणि रोज उचललं जातं. पेशी म्हाताऱ्या झाल्या, गाडी एक दिवसाआड यायला लागली, काही गाड्या नुसत्याच उभ्या राहून धूर ओकू लागल्या, की साचायला सुरुवात होते. आणि हे साचणं लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून चालू असतं. म्हणजे आत्या सत्तरीत वाट चुकली तेव्हा तिच्या मेंदूत कचरा साचायला लागून बहुधा दोन दशकं झाली होती. तेव्हा ती पन्नाशीत होती आणि गल्लीतल्या मुलांना पाढे शिकवत होती.

अमायलॉइड धुऊन काढणारी इंजेक्शनं अलीकडे आली आहेत. लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. त्याने गठ्ठे बऱ्यापैकी निघतात, पण दीड वर्षाच्या चाचणीत आजाराची घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही. मेंदूला सूज किंवा सूक्ष्म रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून वारंवार एमआरआय करावे लागतात. मला यात देवगुराडिया दिसतो. तिथला सुमारे १३ लाख टन जुना कचरा उपसून जमीन मोकळी केली, ती टिकली कारण रोजची गाडी त्याआधीच सुरू झाली होती. नुसता डोंगर उपसून रोजचा कचरा तिथेच पडू दिला असता तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

आधी कोंबडी की आधी अंडं?

इथे कोणीही विचारेल की जरठ पेशींमुळे आजार होतो, की आजारामुळे पेशी जरठ होतात. मृत माणसाच्या मेंदूत दोन्ही एकत्र सापडले एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आग लागलेल्या घराजवळ बंब दिसतो म्हणून बंबाने आग लावली असं नसतं.

म्हणून उंदरांकडे जावं लागलं. २०११ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी जनुकात असा बदल केलेले उंदीर तयार केले, की एक औषध दिलं की त्यांच्या शरीरातल्या फक्त जरठ पेशी मराव्यात. त्या उंदरांमध्ये म्हातारपणाचे काही विकार लांबले. २०१८ मध्ये तिथल्याच गटाने हीच युक्ती टाऊचा गुंता होणाऱ्या उंदरांवर वापरली. त्यांच्या मेंदूत आधारपेशी जरठ होत होत्या. त्या काढत राहिल्यावर टाऊचा गुंता कमी झाला आणि उंदरांची स्मरणशक्ती टिकून राहिली. याचा अर्थ जरठ पेशी हा नुसता बंब नाही, आगीत तेल ओतणाऱ्यांत तिचा हात आहे.

पण दोन गोष्टी फॉरवर्डमध्ये कधीच येत नाहीत. त्या उंदरांमध्ये पेशी काढायला सुरुवात आजार जडण्याच्या आधीपासून केली होती, आपल्याकडे माणूस डॉक्टरकडे येतो तो वाट चुकल्यावर. आणि उलटा प्रवाहही खरा आहे. अमायलॉइड आणि टाऊ यांच्यामुळेही पेशी जरठ होतात. हे दुष्टचक्र आहे, ते कुठून तोडायचं हाच आज प्रयोगशाळांतला खरा प्रश्न आहे. माझ्या मते पेशींचं म्हातारपण ही जमीन आहे. बी वेगळं असतं, कधी आनुवंशिक, कधी डोक्याला लागलेला मार, कधी रक्तवाहिन्यांचा आजार. पण नापीक जमिनीत बी रुजत नाही आणि भुसभुशीत जमिनीत फोफावतं.

मग ती गोळी घ्यायची का?

नाही. काकांनाही मी हेच सांगितलं आणि इथेही सांगते.

जरठ पेशी मारणाऱ्या औषधांना सेनोलिटिक म्हणतात. त्यातली सर्वांत गाजलेली जोडी म्हणजे डासाटिनिब आणि क्वेर्सेटिन. डासाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध आहे. त्याने रक्तातल्या पेशी घटू शकतात, फुफ्फुसाभोवती पाणी साठू शकतं. क्वेर्सेटिन कांद्यात, सफरचंदात असतं. या जोडीची सुरुवातीच्या अल्झायमरमधली पहिली छोटी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण किती? पाच. काळ बारा आठवडे. डासाटिनिब मेंदूभोवतीच्या द्रवात पोचतं का हे मुख्यतः बघायचं होतं. पाचांपैकी चौघांमध्ये ते सापडलं, क्वेर्सेटिन एकाही रुग्णाच्या त्या द्रवात सापडलं नाही. स्मरणशक्ती सुधारली असा निष्कर्ष त्यातून निघत नाही आणि संशोधकांनी तसा दावाही केलेला नाही. "शास्त्रज्ञांनी औषध शोधलं" या वाक्याच्या पोटात खरं एवढंच होतं.

"मग कांदाच जास्त खाल्ला तर?" असं एका मावशींनी अगदी मनापासून विचारलं. चाचणीत दिलेली मात्रा एका कांद्यातल्यापेक्षा कितीतरी पट होती, आणि तीही मेंदूच्या द्रवात दिसली नाही. कांदा पोह्यांवर घालायचा तो चवीसाठी.

टेलोमेअर वाढवण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांची मला जास्त भीती वाटते. पिको पुन्हा घालून मिळाला तर पेशी चिरतरुण राहील, हा विचार मोहात पाडणारा आहे. पण ८५ ते ९० टक्के कर्करोगांमध्ये पेशींनी नेमकं हेच केलेलं असतं, टेलोमरेज चालू करून स्वतःचा पिको जपलेला असतो. शरीराने बसवलेला ब्रेक आपण जाहिरात वाचून काढायचा का? रक्त तपासून टेलोमेअरची लांबी सांगणाऱ्या चाचण्याही मिळतात. मोठ्या लोकसंख्येत आखूड टेलोमेअर आणि स्मृतिभ्रंश यांचा थोडासा संबंध दिसतो, पण एका माणसाच्या रक्तावरून त्याच्या मेंदूचं भविष्य सांगता येत नाही. ते पैसे वाया.

सगळ्यांच्या पेशी म्हाताऱ्या होतात, मग काहींनाच का?

अमेरिकेत १९८६ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात ६७८ ख्रिस्ती जोगिणींनी मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनाला दिला. काहींच्या मेंदूत अल्झायमरचे गठ्ठे आणि गुंता भरपूर सापडला, पण हयातीत त्यांची बुद्धी खणखणीत होती. मेंदूत कचरा साचणं आणि आयुष्य कोलमडणं यांच्यामध्ये एक गंगाजळी असते. शिक्षण, वाचन, माणसांत वावरणं, नवं शिकत राहणं यातून मेंदूत जोडण्या वाढतात. एक रस्ता बंद पडला तर दुसऱ्या गल्लीतून पोचता येतं. राजवाड्याकडे जायला ज्याला एकच रस्ता माहीत आहे आणि ज्याला दहा बोळ माहीत आहेत, त्या दोघांत रस्ता खोदल्यावर काय फरक पडतो बघा.

दुसरं कारण, पेशी सगळ्यांच्या एकाच गतीने म्हाताऱ्या होत नाहीत. मधुमेह, लठ्ठपणा, तंबाखू, सततचा वाढलेला रक्तदाब हे आढीत रोज एकेक नासका आंबा टाकत राहतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची बदलता येण्यासारखी १४ कारणं मोजली. ती सगळी आवरली तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा अंदाज आहे. कमी शिक्षण, ऐकू न येणं, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, दारू, बैठी सवय, लठ्ठपणा, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा, हवेचं प्रदूषण आणि उपचार न केलेली अधू दृष्टी. हेल्मेट न घालता विजयनगरच्या चौकातून सुसाट जाणाऱ्या पोरांना कोणी सांगत नाही की तेही यात मोडतं. उरलेल्या ५५ टक्क्यांचं काय? तिथे वय आणि जनुकं आहेत. म्हणून ज्यांना हा आजार झाला त्यांनी काही चुकीचं केलं असं कृपा करून कोणी म्हणू नका. आत्याने जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता.

साठी उलटून गेली, आता काय उपयोग?

पुष्कळ आहे, आणि पहिला उपयोग निदानाचा. विसरायला लावणारी काही कारणं दुरुस्त होण्याजोगी असतात. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साठलेलं रक्त, झोपेच्या काही गोळ्या. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं सर्रास आहे, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर ते आणखी घटतं. आत्या शाकाहारी, त्यात चौदा वर्षं मेटफॉर्मिनवर. ते वर्ष वाया गेल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तिचं बी-१२ तळाला गेलेलं निघालं, रक्तदाब वाढलेला निघाला, दोन्ही कान मंद निघाले, आणि एमआरआय व स्मरणाच्या चाचण्यांनंतर सुरुवातीचा अल्झायमरही निघाला. अल्झायमर आम्ही पुसू शकत नव्हतो. बाकीचं ओझं उतरवता येत होतं. वास न येण्याचंही त्यांनीच विचारलं. वासाची जाण जाणं हे या आजाराचं लवकरचं लक्षण असू शकतं. तेवढ्यावरून निदान होत नाही, सर्दी-कोविडनेही वास जातो, पण घरच्यांनी ते डॉक्टरांना सांगितलं पाहिजे.

कानाचं सांगायला हवं. ऐकू आलं नाही की मेंदू सगळी ताकद शब्द जुळवण्यात घालवतो आणि माणूस चारचौघांत बसणंच सोडतो. २०२३ मध्ये आलेल्या एका अमेरिकन चाचणीत सत्तरीपुढच्या लोकांना श्रवणयंत्रं दिली. सगळ्यांचा मिळून विचार केला तर तीन वर्षांत फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांच्यात बुद्धीची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली.

घरात असं कोणी असेल तर न्यूरोलॉजिस्टकडे जाताना गेल्या वर्षभरात काय काय बदललं ते तारखांसह कागदावर लिहून न्या, कारण तिथे पोचल्यावर आई-आत्या अगदी शहाण्यासारख्या बोलतात. तिच्या चालू गोळ्यांची पिशवीही सोबत घ्या. सांभाळणाऱ्याचा जीव मेटाकुटीला आला तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ या सरकारी हेल्पलाइन आहेत. मी दुसरा नंबर एकदा रात्री लावला आहे.

आत्याने श्रवणयंत्र दोन महिने कपाटात ठेवलं. "कानात भुंगा बसल्यासारखं होतं" म्हणायची. मग हळूहळू दिवसातून एक तास, मग दोन तास. गेल्या श्रावणात एका सकाळी मी तिच्याकडे होते. ती हॉलमध्ये वाती वळत बसली होती. एकदम थांबली, मान वर केली आणि म्हणाली, "गाडी आली बघ कचऱ्याची." मला काहीच ऐकू आलं नव्हतं, मिनिटभराने कोपऱ्यावरून गाणं आलं. तोवर ती दोन्ही बादल्या घेऊन फाटकाशी उभी होती. ओल्यात सुका मिसळला होता. मी तिथेच उभी राहून वेगळा केला.